पायथ्याची फळी

गादीचं माप घ्यायला मिस्त्रीण शेडमध्ये गेली तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि भीती वाटावी असं तिथं काहीसुद्धा नव्हतं. वेल्डिंगचा जळका वास, प्लायचा भुसा, आणि मधोमध तो ट्रक. जुना, दांडगा, मालाचा हौदा उतरवून नुसता सांगाडा उरलेला. त्या सांगाड्यावर तिचा नवरा घर बांधत होता. चांगलं राहतं घर. शेगडी, पाण्याची टाकी, दुहेरी काचांच्या खिडक्या, आणि पुढच्या केबिनमधून वाकून आत जायला एक बोळ. घराखाली त्यानं झुलती चौकट बसवली होती. खड्ड्यात चेसिस कितीही पिळवटली तरी वरचं घर पिळायचं नाही.

"ट्रकला दुहेरी काचा," मिस्त्रीण म्हणाली, "आणि माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय."

"तुझं स्वयंपाकघर डोंगर चढणार आहे का?" मिस्त्रीनं चाकांमधून विचारलं.

घर बांधून घेणारा एक म्हातारा ड्रायव्हर होता. सगळा जन्म त्यानं दुसऱ्यांचा माल वाहिला. स्वतःच्या घरी यायचा तो पाहुण्यासारखा. एकुलती एक लेक, तिला लाडानं बुटकी म्हणायचा. येताना फ्रॉक आणायचा आणि तो दर वेळी आखूड व्हायचा, कारण ह्याच्या डोळ्यांत माप असायचं मागच्या खेपेचं. 'पुढच्या वेळी तुला गाडीत बसवून नेतो,' असं दर खेपेला सांगायचा. एकदा असाच लांब गेलेला असताना पोरीला ताप भरला. निरोप पोचून हा माघारी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. त्यालाही आता जन्म लोटला. आणि उतारवयात ह्यानं मोडीत निघालेला ट्रक घेतला आणि मिस्त्रीला म्हणाला, "घर बांधा. पलंग दोन. एक माझा, एक बुटकीचा."

वेडा म्हणावं, तर बाकी सगळ्या गोष्टींत माणूस शहाणा.

"तिची गादी केवढी करू, भाऊ?" मिस्त्रिणीनं विचारलं.

ड्रायव्हरनं तळहात कमरेशी धरला. मग थोडा वर नेला. मग परत खाली आणला. "एवढी होती… एवढीच असेल."

"आखूड होईल हो. पोरं झोपेत पाय ताणतात."

"आता कुठं वाढणार आहे ती, वहिनी?" तो हसून म्हणाला, आणि त्या हसण्यानं मिस्त्रिणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

पलंग त्याच मापाचा झाला. पायथ्याला मिस्त्रीनं एक आडवी फळी बसवली, चढावर गादी घसरू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर फळी खाली पडलेली.

"स्क्रू हलके निघाले," मिस्त्री म्हणाला.

"किंवा मिस्त्री," मिस्त्रीण म्हणाली.

त्यानं लांब स्क्रू आणून परत बसवली. सकाळी परत खाली. घराला कुलूप, किल्ली मिस्त्रीच्या खिशात. आता मात्र त्यानं फळी उन्हात नेऊन निरखली. स्क्रू फिरवून काढलेले नव्हते, आतल्या बाजूनं रेटून उपटलेले होते. आणि कोवळ्या प्लायवर शेजारी शेजारी दोन खळगे होते. लहान, गोल. टाचेएवढे.

मग मिस्त्रीनं तेच केलं जे हाताला सवय असलेला माणूस करतो. पलंग वीतभर वाढवला.

ती वीतसुद्धा पुरली नाही.

एका संध्याकाळी मिस्त्रीण पडद्यांना टाके घालत आत एकटीच बसली होती. त्या घराच्या भिंती अशा जाड, की दार लावलं की बाहेरचा हातोडासुद्धा ऐकू यायचा नाही. म्हणजे जे काही ऐकू येईल ते आतलंच. आधी तिला गादीची कुरकुर ऐकू आली. मग एक लांब उसासा, झोपेतून उठताना लेकरू अंग ताणतं ना, तसा. मग हाडं मोडल्यासारखा बारीक कडकड आवाज… आणि तिच्या डोळ्यांसमोर पायथ्याची फळी हळूहळू बाहेरच्या बाजूला फुगत गेली.

सुई तिथंच टाकून ती बाहेर आली.

"काढून टाका तो पलंग," ती नवऱ्याला म्हणाली. "आजच्या आज."

मिस्त्रीनं पहार उचलली, तेवढ्यात ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. त्यानं सगळं ऐकलं होतं. घाबरला नाही तो. तोंडावर असा उजेड आला होता, की बघवेना.

"वाढतेय?" त्यानं विचारलं. "खरंच वाढतेय ती?"

"भाऊ, हे बरं नाही…"

"वहिनी, मी तिला वाढताना कधी बघितलीच नाही. दर वेळी आलो, तर वाढून झालेली असायची." त्यानं मिस्त्रीचा पहार धरलेला हात धरला. "एवढ्या वेळी असू द्या. मी इथंच बसतो."

मिस्त्रीनं पहार खाली ठेवली.

मग ड्रायव्हर रोज पलंगाशी बसायला लागला. काम चालू असायचं, आणि तो आपला हळू आवाजात बोलत असायचा. कुठले घाट बघितले, कुठं नदीत चाक रुतलं, सगळं. मध्येच थांबायचा, जणू पलीकडून कोणी काही विचारतंय. बाजारातून चपला आणायचा, आणि आठवडाभरात त्याच चपला घेऊन दुकानात मोठ्या मापाच्या बदलून आणायला जायचा. दुकानदार म्हणाला, पोरगी भलतीच वाढते हो तुमची. तर ह्यानं मान डोलावली आणि बापाच्या तोऱ्यात छाती काढून परत आला. मिस्त्री रोज फळी मागं सरकवायचा. पलंग पोरीचा राहिला नाही, बाईचा झाला. फळी जाऊन पाण्याच्या टाकीला टेकली.

तिथं मात्र थांबली. पुष्कळ दिवस हलली नाही. मिस्त्रिणीला वाटलं, संपलं एकदाचं.

मग एका सकाळी तिनं गादी झटकायला उचलली, तर उशीला एक केस चिकटलेला. लांबलचक आणि पांढराशुभ्र. ड्रायव्हरच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, मिस्त्रीचे बोटभर, आणि मिस्त्रिणीचे अजून काळेभोर, त्याचा तिला गर्वच होता. गादीवर पडलेला खळगाही फळीपासून चांगला हातभर अलीकडे आला होता. म्हातारं माणूस आक्रसतं तसा.

केस बघून ड्रायव्हर मटकन खाली बसला. किती तरी वेळ त्यानं तो बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला, गुंडाळला आणि सोडला.

"माझ्या पुढं निघून गेली," तो म्हणाला. मग उठला. "मिस्त्री, रंग राहू द्या. आजच निघतो."

"बाहेरून पत्रा उघडा आहे, दादा. गंज धरेल."

"धरू द्या. तिला डोंगर दाखवायचा राहिलाय. आणि ह्या खेपेला… मी जवळ असणार आहे."

ट्रक तसाच, बिनरंगाचा, मोठ्या रस्त्याला लागला.

तो परत आला तेव्हा थंडी सरत आली होती. पत्रा तांबडा पडलेला, चाकांना कुठकुठली माती. ड्रायव्हर उतरला आणि मिस्त्रिणीपुढं उभा राहिला, आणि मग रडला. मोकळा, लहान पोरासारखा. इतक्या वर्षांचं साचलेलं असावं.

"झालं, वहिनी," तो म्हणाला. "वर, बर्फाच्या कडेला. हातात हात होता माझा. अगदी शेवटपर्यंत होता."

मिस्त्रिणीनं त्याला चहा दिला. अर्धा कप प्यायला, आणि ओसरीवरच्या खाटेवर आडवा झाला तो गाढ झोपला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा सैल झाल्यासारख्या दिसत होत्या. झोपण्याआधी एवढंच म्हणाला, "तो पलंग काढून टाका आता. तिची सुटका झाली, माझीही झाली."

मिस्त्री हत्यारं गोळा करायला गेला. मिस्त्रीण आधी आत गेली, गादीची खोळ काढायला. आतमध्ये गार होतं, निवांत होतं. फळी जागच्या जागी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

तिनं उशीपाशी हात ठेवला, आणि झटकन मागं घेतला.

गादी ओली होती. मोठी नाही, तळहाताएवढी जागा. कोमट. आणि त्या बंद घरात, गंज आणि डिझेलच्या वासाखाली, एक आंबूस, दुधाळ वास भरून राहिला होता. चार लेकरं वाढवलेल्या बाईला तान्ह्याचा वास कोणी सांगावा लागत नाही.

तिनं खिडकीतून ओसरीकडे बघितलं. म्हातारा गाढ झोपला होता. किती वर्षांनी, कोणास ठाऊक.

"काढू का गं?" मिस्त्रीनं दारातून विचारलं.

तिनं गादी उचलून उलटी घातली, कोरडी बाजू वर केली, आणि हातानं सारखी करत राहिली. करता करता तिचा हात थांबला. वरच्या, कोरड्या बाजूवर, तिच्या बोटांच्या अगदी शेजारी, ओल हळूहळू वर येत होती.