रुजू झाल्याची तारीख

रिटा डाबरे ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी आली आणि ओटीवर टेकण्याआधीच म्हणाली, "काका, पास्कलला चोर ठरवलाय."

फर्डिनंड तुस्कानोंनी तिच्याकडे खुर्ची सरकवली. विमा कंपनीसाठी चोरीचे आणि आगीचे दावे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर वसईजवळच्या पापडी गावातल्या घरी बसून ते खाजगी चौकशीची कामं घेत. शेजारी हरिश्चंद्र राऊत टिपणवही उघडून बसला होता. हरिश्चंद्र मुंबईच्या एका गिरणीत टाइमकीपर होता. संपाला चौदा महिने झाले, गिरणीचं फाटक काही उघडलं नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. आचोळ्याच्या खोलीत एकट्यानं बसण्यापेक्षा तुस्कानोंची टिपणं लिहिणं बरं, म्हणून तो रोज इथे येई.

रिटानं हकीगत सांगितली. तिचा नवरा पास्कल पाटकरांच्या कारखान्यात कातारी होता, गिरण्यांसाठी लाकडी बॉबिन कातायचा. गिरण्या बंद, म्हणून बॉबिनला गिऱ्हाईक नाही. चौदा कामगारांपैकी पाटकर फक्त पाच ठेवणार होते. जो शेवटी आला तो आधी जाणार, असा नियम ठरला. चार जुनी माणसं पक्की होती. पाचव्या जागेसाठी पास्कल आणि विठ्ठल म्हात्रे, दोघेही सहासष्टच्या पावसाळ्यात लागलेले. आधी कोण, हे एकाच वहीत लिहिलेलं होतं. आज सकाळी कपाट उघडलं तर ती वही गायब. काल गुड फ्रायडे, कारखाना बंद. तरी पास्कल तिथे गेला होता.

"सोमवारपर्यंत वही आली नाही तर चोरी केली म्हणून काढणार म्हणतात," रिटा म्हणाली. "तसा काढला तर वसईत त्याला कोण उभं करील?"

तुस्कानोंनी टोपी घेतली.

कारखाना सांडोरच्या वाटेवर, केळीच्या बागांना लागून होता. जाताना चर्चच्या आवारात एक म्हातारा हातात लाकडी खटका घेऊन खटखट वाजवत फिरत होता आणि बायामाणसं आत चालली होती. हरिश्चंद्रला ते जरा विचित्र वाटलं. पण तुस्कानो भराभर पुढे गेले होते, विचारायचं राहून गेलं.

कपाट फोडलेलं नव्हतं. एक किल्ली पाटकरांकडे, दुसरी कचेरीतच खिळ्याला, सगळ्यांना माहीत. पाटकर शुक्रवारी मुंबईला होते. त्यांच्या मते गोष्ट साधी होती: पास्कलची तारीख नंतरची, म्हणून वही नाहीशी झाली.

विठ्ठल शेडमध्ये आपलं कातकाम यंत्र पुसत होता. काम नसलं तरी तो पुसतच होता. शुक्रवारी तो दिवसभर स्वतःच्या वाडीत होता, घरची चार माणसं बरोबर होती.

"वही सापडली तर माझीच तारीख आधीची निघेल," तो म्हणाला. "मग मी कशाला चोरू? तुम्ही तपास करा, मी आपला पुसत बसतो. सोमवारनंतर निदान ज्याच्या वाट्याला येईल त्याला चकचकीत मिळेल."

पास्कल दाराबाहेर उभा होता, कारण पाटकरांनी त्याला आत यायला मनाई केली होती. घड्याळात साडेबारा वाजले असताना आपण आलो होतो, असं त्यानं सांगितलं. यादीत आपलं नाव आहे का, एवढंच कारकून दळवींना विचारायचं होतं. कचेरीला बाहेरून कुलूप नव्हतं, आतून कडी होती. हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून तो घरी परतला.

मग दळवी. सतरा वर्षं ते इथले एकटे कारकून. काळजीपूर्वक इस्त्री केलेला सदरा, खांद्याला कापडी पिशवी. तेही आचोळ्याचेच, एका खोलीत एकटे राहणारे, हे कळल्यावर हरिश्चंद्रला ते एकदम ओळखीचे वाटू लागले.

"मी अकराला आलो," दळवी शांतपणे म्हणाले. "यादीची तयारी केली, वही कपाटात ठेवली. चर्चची बाराची घंटा झाली तसा कुलूप लावून निघालो. रोज त्या घंटेलाच मी जेवायला उठतो. त्यानंतर कोण आलं, मला ठाऊक नाही."

शेजारच्या बागेत रखमाबाई केळीला पाणी सोडत होती. पास्कलची खबर तिनंच दिली होती.

"ऊन डोक्यावरनं कललं तेव्हा आला," ती म्हणाली. "दळवी, दळवी करून हाका मारीत होता. आला तसा रिकाम्या हातानं गेला. नंतर मी जेवायला गेले, मागचं मला कोन सांगनार?"

परतताना हरिश्चंद्र म्हणाला की पास्कलचं कठीण दिसतं. दळवींसारखा माणूस खोटं कशाला बोलेल? त्यांची नोकरी तर यादीत नव्हतीच.

"नव्हती?" तुस्कानो म्हणाले, आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरले.

त्यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. पास्कललाही आत घेतलं. रिटा दारात उभी राहिली.

"दोन जबान्या आहेत," तुस्कानो म्हणाले. "दळवी म्हणतात, बारापासून दाराला बाहेरून कुलूप होतं. पास्कल म्हणतो, साडेबाराला आतून कडी होती. एक खोटी आहे. रखमाबाईनं पास्कलला हाका मारताना ऐकलं. बाहेरून कुलूप दिसत असलेल्या दाराला कोणी हाका मारत नाही. आणि चोरी करायला आलेला माणूस शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडत नाही."

"हे नाटकही असेल," पाटकर म्हणाले.

"असेल. म्हणून दळवींची वेळ पाहू. ते चर्चच्या घंटेला उठले." तुस्कानो दळवींकडे वळले. "पवित्र गुरुवारच्या मिस्सापासून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपासून, ईस्टरच्या रात्रीपर्यंत चर्चची घंटा वाजत नाही. लाकडी खटका वाजवतात. आजही तोच वाजत होता, हरिभाऊंनी पाहिला. काल बारा वाजता वसईत एकही घंटा झाली नाही. तुम्ही रोजची गोष्ट सांगितलीत, कालची नाही."

हरिश्चंद्रनं टिपणवहीतली घंटेची ती ओळ पुन्हा वाचली. त्यानं स्वतःच्या हातानं ती लिहिली होती.

दळवींनी काही नाकारलं नाही. पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही काढून टेबलावर ठेवली.

"जाळायला हात होईना," ते म्हणाले. "सगळं माझंच अक्षर आहे."

"का केलंत?" पाटकरांनी विचारलं.

"चौदा माणसांना कारकून लागतो, पाचांना लागत नाही. यादी हे माझं शेवटचं काम होतं. तुम्ही बोलला नाहीत, पण मला हिशेब कळतो. वही नसती तर वाद चालला असता. वाद चालेपर्यंत मी इथे येत राहिलो असतो."

"आणि पास्कलवर आलं ते?" तुस्कानोंनी विचारलं.

दळवींनी दारातल्या रिटाकडे पाहिलं. "त्याच्या घरी माणसं आहेत," ते म्हणाले. "वाटलं, त्याला कोणीतरी सावरील."

हरिश्चंद्रला दळवींचा राग यायला हवा होता. तो शोधूनही सापडेना.

पाटकरांनी पानं उलटली. पास्कल डाबरे, चार जुलै. विठ्ठल म्हात्रे, पंधरा जुलै. विठ्ठल पुढे होऊन ते स्वतः वाचून गेला. "अकरा दिवस," एवढंच म्हणून तो शेडमध्ये डबा आणायला गेला. पास्कल त्याच्या मागे दोन पावलं गेला आणि थांबला.

पोलिसांत जायचं नाही, असं पाटकरांनी सांगितलं. दळवींनी मात्र पुन्हा यायचं नाही. दळवींनी टेबलाचा खण उघडला, चष्म्याचं घर आणि एक फणी घेतली, खण बंद केला. निघताना ते हरिश्चंद्रजवळ क्षणभर थांबले, मग तसेच बाहेर पडले.

पाटकर थकल्यासारखे वाटले. नऊ माणसांची पत्रं अजून लिहायची होती.

"राऊत, तुम्ही गिरणीत टाइमकीपर होता म्हणे," ते म्हणाले. "दोन दिवसांचं काम आहे. यादी आणि पत्रं. नंतर काही नाही. जमेल?"

"जमेल," हरिश्चंद्र म्हणाला, इतक्या लगेच, की तुस्कानोंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली, दळवींची खुर्ची ओढली आणि बसला.