दोन डबे

बाळा, आधी तो ट्रान्झिस्टर बंद कर. आणि शकु, तू दात काढू नको गं. तुम्हाला घाबरवून मला काय मिळणार? आमच्या दशरथाचं जे झालं तेच सांगतो. घाटकोपरला भटवाडीत राहतो तो, हवं तर जाऊन विचारा. सांगायचा नाही म्हणा, पण विचारा.

दोन वर्षं झाली. सन शहाऐंशी, नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. त्रिपुरी पौर्णिमेला दोन दिवस होते, म्हणजे बाहेर टिपूर चांदणं. अमावस्या वगैरे काही नाही हां! रात्री साडेनऊला दशरथ पवईच्या गोदामातून अंधेरीला निघाला. हातात दोन डबे. एक जेवणाचा, स्टीलचा, बायकोनं भरून दिलेला. दुसरा फिल्मचा, पत्र्याचा, गोल चपटा. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'शेवट'.

हा दशरथ म्हणजे पिक्चरची फिल्म कापायचा, जोडायचा. विसाव्या वर्षापासून तोच धंदा. बासष्ट साली त्यानं एक पिक्चर कापला. नाव विचारू नका, पिक्चरच्या मालकांचा मुलगा अजून मला भेटतो. त्यात सासरची माणसं सुनेला खोलीत कोंडून घालतात. दिग्दर्शक दत्तारामबापूंनी शेवट घेतला होता तो असा, की सून दार ठोठावते, ठोठावते, आणि एकदाचं दार उघडतं नि ती चालत बाहेर जाते. मालक म्हणाले, "बाई सुटली तर बायका रडतील कशाला? ठोठावतेय तिथंच काप." दशरथनं कापलं. नोकर माणूस, करणार काय?

बापू त्याच्याकडे आले. म्हणाले, "कापलंस ते कापलंस. तुकडा तेवढा जपून ठेव. मालकांनी निगेटिव्हसुद्धा जाळलीय रे, आता तेवढाच उरलाय."

"हो बापू," म्हणाला. आणि गाढवानं काय केलं माहितीय? या धंद्यात रद्दी फिल्म फेकत नाहीत. आवाजाच्या पट्टीत जिथं काही आवाज नसतो, तिथं भर म्हणून जोडतात. महिन्याभरात एका घाईच्या कामात यानं बापूंचा तुकडा तसाच वापरला, बारीक बारीक करून. बाईची वाट लागली.

बापू गेले तेव्हा हॉस्पिटलात एकच बोलत होते, "ती अजून आत आहे रे." दशरथ पायापाशी उभा होता. तोंड उघडायची हिंमत झाली नाही त्याची. तेच त्याला आतून खात होतं, चोवीस वर्षं.

आणि आता मालकांच्या मुलानं ठरवलं, पिक्चर नीट साफ करून परत लावायचा, बापूंच्या मनातल्या शेवटासकट. बापूंची बायको, रत्नप्रभाबाई, रविवारी बघायला येणार. नेमका गोदामात हा डबा सापडला. सगळे खूश! एकट्या दशरथाला ठाऊक, की या डब्यात तो शेवट असूच शकत नाही.

अंधेरीची ती फिल्म जोडायची खोली तिसऱ्या मजल्यावर. दिवसा तिथं दुसऱ्या पिक्चरचं काम, म्हणून याला रात्रपाळी. उजेड नको म्हणून खिडक्या विटांनी बुजवलेल्या. एकच दार. खाली वॉचमन व्हिक्टर, मरोळ गावठाणातला. "जेवून घे, मग चा आणतो," म्हणाला.

दशरथनं जेवणाचा डबा दारापाशी जमिनीवर ठेवला. फिल्म मशीनवर चढवली. मशीनच्या काचेवर चित्र आलं.

खोली. दार. दाराकडे तोंड करून पाठमोरी बाई. ठोठावतेय. आवाज नाही, आवाजाची पट्टी वेगळी असते. नुसता हात वर, खाली. वर, खाली.

त्याला हायसं वाटलं. एवढं तर पिक्चरमध्ये होतंच. चार मिनिटांची फिल्म, आता संपेल. घड्याळात दहा पंचवीस.

दहा चाळीसला ती ठोठावतच होती.

त्यानं चक्रीकडे बघितलं. चक्री फिरत होती. फिल्म कमी होत नव्हती.

ठक. ठक. ठक.

मशीनमधून नाही... मागून. त्याच्याच खोलीच्या दारावर.

"व्हिक्टर?"

त्यानं दार ओढलं. हलेना. बाहेरून कडी.

"अरे व्हिक्टर, मस्करी पुरे ना यार!" त्यानं दारावर थापा मारल्या. तीन. आणि मागे वळून बघितलं...

काचेवरची बाई थांबली होती. हात तसाच वर. कान दाराला लावलेला.

ऐकत होती.

त्यानं वायर उपटली. दिवा गेला. पंखा गेला. चित्र... राहिलं.

ठक. ठक.

अंगावरचा शर्ट घामानं भिजला. श्वास पुरेना. विटा, विटा, विटा आणि ते एक दार. याची पाच मिनिटांत ही गत झाली. तिची चोवीस वर्षं...

"मी..." तो काचेकडे वळला. "मीच कापलं, बाई. बापूंचा तुकडा... मीच वाया घालवला. कुणाला बोललो नाही. चुकलो..."

मग तिला म्हणाला,

"ये... ये बाहेर."

कडी सरकली.

दार उघडलं. समोर रिकामा पॅसेज. दशरथ जो सुटला तो थेट खाली, व्हिक्टरच्या अंगावर. "कडी कोणी लावली?"

"कसली कडी, दशरथभाय? त्या दाराला बाहेरून कडीच नाय!"

सकाळी दोघं वर गेले. फिल्म नीट गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. जेवणाचा डबा मात्र गायब. खोली पालथी घातली, नाही म्हणजे नाही. दशरथनं त्या फिल्मला हात लावला नाही. दुसऱ्यानं जोडली.

रविवारी थेटरात पुढे रत्नप्रभाबाई, मागे दशरथ नि त्याची बायको प्रेमा. पडद्यावर ठोठावणं चालू झालं. दशरथ पुढे वाकला. "बाई, तो तुकडा मी..."

"गप. बघू दे," त्या म्हणाल्या.

दार उघडलं. बाई चालत बाहेर गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "सुटली गं! सुटली एकदाची!" रत्नप्रभाबाई हुंदके देऊन रडल्या. दशरथाच्याही डोळ्यांना धार लागली.

पण पिक्चर संपला नव्हता. कॅमेरा आतच राहिला, रिकाम्या खोलीत. दार हळूहळू लोटलं गेलं. बाहेरून कडी लागली.

प्रेमानं त्याचा हात घट्ट धरला. "अवो... ह्यो माझो डबो!"

बंद दारापाशी, जमिनीवर. पडद्यावर एवढा मोठा, की झाकणावर घातलेलं नाव सगळ्या थेटरानं वाचलं.

'सौ. प्रेमास, मामांकडून. २६-५-७४.'

आणि पिक्चर बासष्टचा.