तुम्ही जरा बाहेर थांबा

लिफ्टचं दार बंद होता होता त्याने पाय मध्ये घातला. हातात कीबोर्डची चळत. वरचा घसरला आणि तो मी झेलला.

"थँक्यू! कुणाकडे आलात?"

"एका खडूस माणसाशी भांडायला," मी म्हटलं. "गेममध्ये मी चीटिंग करते म्हणे! खातंच बंद करून टाकलंय. उद्या फायनल आहे, मी नसले तर आमची अख्खी टीम बाद. त्या तपासनिसाला असा धारेवर धरते ना..."

"धरा की," तो गालात हसला. "मीच तो."

लिफ्ट सावकाश वर जात राहिली. मेलं, कुठे बघावं तेच कळेना.

त्याच्या खोलीत त्याने मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"गेमबरोबर आमचा एक पहारेकरी प्रोग्रामही तुमच्या कॉम्प्युटरवर येतो. खेळ चालू असताना आणखी कोण आत डोकावतंय, ते तो बघतो. तुमच्याकडे एक जण सापडला."

"अहो, तो आईचा प्रोग्राम! अक्षरं मोठी करून दाखवतो. तिला चष्मा लावायचा कंटाळा."

"सगळे आईवरच ढकलतात," तो म्हणाला. "शिवाय माणसाचा हात थोडा तरी चुकतो. तुमचा चुकतच नाही."

कौतुक होतं की आरोप, देव जाणे. माझे कान मात्र गरम झाले.

"हा कॉम्प्युटर आमचा, यात बाहेरचं काही नाही. घरच्यासारखं खेळून दाखवा, की सुटलात." आणि तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला...

साबणाचा मंद वास. दुमडलेल्या बाह्या. समोरून शत्रू आला, मी भिंतीला गोळी मारली. दुसरा आला, मी छताला. तिसऱ्याने मला अगदी आरामात, जांभई देत असल्यासारखं मारलं.

"अरेरे," तो म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं. "घरी अचूक नेम आणि इथे हे? आमच्याकडे याचा एकच अर्थ निघतो."

टीममधल्या मैत्रिणींचे चेहरे डोळ्यांसमोर आले. म्हटलं, लाज गेली खड्ड्यात.

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

"का?"

"तुम्ही मागे असलात की... नेम चुकतो माझा."

"तपासणीची भीती वाटते?"

"भीती नाही हो! तुम्ही... आवडलात मला. झालं समाधान?"

तो लालबुंद झाला. "हे... हेही तपासून बघावं लागेल," असं पुटपुटत निघाला आणि दारावर धडकला.

मग मी काय खेळले म्हणून सांगू! एक गोळी वाया गेली नाही. तो परत आला आणि पडद्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे... खरं बोलत होतात तुम्ही."

"खेळाबद्दल?"

"दोन्हींबद्दल."

"मग उघडा ना खातं!"

"मला नाही उघडता येणार. शेजारच्या खोलीतल्या मॅडम उघडतील. आपल्या माणसाची केस आपण तपासायची नाही, असा नियम आहे."

"मी कधी झाले तुमची..." मी जीभ चावली.

"उद्या फायनल बघायला येऊ?" त्याने हळूच विचारलं.

"मुळीच नाही! हरू ना आम्ही! संपल्यावर या. आणि हे बघा, मागे उभं राहायचं नाही... शेजारी बसायचं."