पाळतीवरचा चहा

हनोईच्या त्या फुटपाथवर दोघांची गाठ पडली ती निव्वळ योगायोगाने… असं खोआला वाटलं. थुईने मात्र तो योगायोग आठवडाभर खपून जुळवला होता. ती खासगी गुप्तहेरांच्या कचेरीत नोकरीला होती, आणि खोआच्या होणाऱ्या सासूबाईंना, जावयाचं बाहेर कुठे काही आहे का, ते लग्नाआधी जाणून घ्यायचं होतं. म्हणून तिने त्याच्या ऑफिससमोर बर्फाच्या चहाची किटली आणि बुटकी स्टुलं मांडली.

पाळत ठेवताना चेहऱ्याकडे नाही, बुटांकडे बघायचं, नजरानजर झाली की काम फसलं, असं तिला शिकवलेलं. खोआचा डावा बूट टाचेशी झिजला होता. तो रोज दुपारी दिसायचा, आणि हळूहळू थुई त्याची वाट बघायला लागली.

"चहा कडू आहे हं तुझा!"

"मग येता कशाला?"

"तू मान वर करतेस का ते बघायला."

"माझी मान बघू नका… ग्लास धरा नीट."

पाऊस भुरभुरला की तो आपला रेनकोट तिच्या किटलीवर धरायचा आणि स्वतः भिजायचा. खोटी चहावाली मग अगदी खरीखुरी लाजायची.

एके दिवशी तो उशिरा आला. बूट चिखलाने माखलेले.

"थुई, घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडावंसं वाटतंय मला. तू… तू हो म्हणशील?"

तिने पहिल्यांदाच मान वर केली. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "रात्रभर इस्पितळात होतात ना? आईंचा ताप उतरला का?"

खोआचा हात ग्लासवरच थांबला.

"आईचं मी तुला कधी सांगितलं?"

थाप मारणं हाच तर तिचा धंदा. पण त्याच्याशी आणखी एक खोटं बोलायला तिची जीभ उचलेना.

"कुणी पाठवलं तुला?"

"तुमच्या होणाऱ्या सासूबाईंनी…"

"आणि ते लाजणं? तेही त्यांनीच सांगितलेलं?"

"नाही हो… ते माझं होतं."

तो स्टुलावरून उठला. भरलेला ग्लास तसाच ठेवून निघून गेला. झिजलेला बूट कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "काय गं पोरी, आहे का कुणी?"

हो म्हटलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं. पण म्हणून तो तिच्याकडे थोडाच येणार होता! मोडायचं तर त्याचं तो मोडेल, आपल्या तोंडून त्याच्यावर डाग नको.

"कुणी नाही, काकू. माणूस फार चांगला आहे. मुलगी सुखात राहील."

फोन ठेवून तिने त्याने न प्यायलेला ग्लास तोंडाला लावला. आपलाच चहा ती पहिल्यांदा पीत होती. इतका कडू चहा तो रोज कसा पीत होता, या विचाराने तिला रडू कोसळलं.