ती जागा माझी होती

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी काउंटरखाली वाकून निसटलेला स्क्रू शोधत होते, त्यामुळे मला आधी दिसले ते त्याचे बूट. एकाची नाडी सुटलेली. मग स्पीकरवरचं गाणं ऐकून वरून आवाज आला, "हे मूळ गाणं नाही."

"मूळ आहे असं कोण म्हणतंय?" मी खालूनच विचारलं.

आमचं दुकान अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं. बाबांनी थाटलेलं, आता माझ्या हाती आलेलं. दुरुस्त झालेला स्पीकर तपासायला आमच्याकडे एकाच माणसाची गाणी लागतात. रॉक अँड रोल नवं नवं होतं तेव्हा केसांचा भला मोठा कोंबडा काढून गाणारा एक गायक होता, त्याची. बाबा त्याचे भक्त. त्याची गाणी पुढे कितीतरी जणांनी आपापल्या तऱ्हेनं म्हटली, त्या सगळ्या 'कव्हरां'ना बाबा सरसकट 'नकला' म्हणतात. मला मात्र त्या नकलांचंच वेड.

बुटांचा मालक एका बँडमध्ये ड्रम वाजवत होता. बँडचा अँप्लिफायर घरघर करतो म्हणून तो उचलून आणायचं काम याच्या गळ्यात पडलं होतं. पण यंत्र राहिलं बाजूला... आम्ही भांडत बसलो. कोंबडेवाल्याच्या गाण्यांचं सगळ्यात चांगलं कव्हर कुणाचं? त्याला धांगडधिंगा आवडायचा. मी म्हटलं, तुमच्या आवडीच्या माणसाला कुणीतरी चिमटा काढत असावं, इतका तो ओरडतो. तो हसला. हसताना बोटांनी काउंटरवर ठेका धरला. मी त्याच्या बोटांकडे बघितलं आणि मग उगाचच सोल्डरिंगची तार गुंडाळायला घेतली.

अँप्लिफायर सुधारला, तरी तो येतच राहिला. कधी वायर, कधी नुसतं 'इथून चाललो होतो'. दर वेळी एक नवं कव्हर शोधून आणायचा आणि मी ते नापास करायचे. तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंही नाही. बाबा आतल्या टेबलावरून म्हणायचे, "याचं नेमकं काय बिघडलंय ते एकदा बघून घे."

एका दुपारी मी त्याला माझं सगळ्यात आवडतं ऐकवलं. पिकलेल्या आवाजाची एक बाई, साथीला फक्त पियानो. कोंबडेवाला तेच गाणं नाचत म्हणतो. पोरगी येणार याची त्याला खात्रीच असते. बाईचे शब्द तेच, पण शेवटच्या शब्दाआधी ती थांबते. नुसता श्वास ऐकू येतो. "ही जागा," मी म्हटलं. "मला वाटतं, इथे ती एकदा दाराकडे बघून घेते." त्याची बोटं थांबली. मी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अँप्लिफायरनं पुन्हा मान टाकली. सुधारून मी तो स्वतःच त्यांच्या सरावाच्या खोलीत घेऊन गेले, आणि जिन्यातच माझे पाय थबकले. त्यांची गायिका ते गाणं म्हणत होती. बँडवाले तिला बुलबुल म्हणतात, आणि दिसायलाही ती नावाला शोभेलशी आहे, मेली. संथ लयीत, अगदी त्या बाईसारखं. शेवटच्या शब्दाआधी ती थांबली. उघड्या दारातून दिसलं, ड्रममागून तो तिच्याकडे बघत होता, काठी हवेत धरून... आणि त्यानं मान हलवल्यावरच तिनं तो शब्द सोडला.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. अँप्लिफायर दारात ठेवला, नीट चालतोय एवढं सांगितलं आणि निघाले. घरी येऊन कारण नसताना दोन कप घासले, त्यातला एक फोडला.

दुसऱ्या दिवशी तो आला.

"या. काय बिघडलंय तुमचं?"

'तुमचं' ऐकून तो दारातच उभा राहिला. बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. दुकानाच्या वेळात बाबा कधी पाय मोकळे करत नाहीत.

"काल धड न बोलता गेलीस."

"छान म्हणते ती. ती जागा तर अगदी हुबेहूब. कुणी शिकवली?"

"मी. म्हणजे... तूच सांगितली होतीस ना."

"तुला सांगितली होती. गावाला नाही."

तो स्टुलावर बसला. बोलताना अडखळत होता. बँडच्या येत्या कार्यक्रमाला मी समोर बसणार, तेव्हा माझं गाणं माझ्यासाठी व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. स्वतःला गाता येत नाही, म्हणून बुलबुलच्या विनवण्या केल्या. ती त्याला म्हणालीसुद्धा, तिला सरळ सांगत का नाहीस?

इथे खरं तर मी विरघळायला हवं होतं. पण ही बया दिसायला चांगली, गायला चांगली, वर शहाणीही निघाली, याचाच मला जास्त राग आला.

"मला तुझं प्रेम दुसरीच्या गळ्यातून ऐकायचं नाही," मी म्हटलं.

प्रेम हा शब्द माझ्याच तोंडून आधी गेला होता. त्याचे कान लाल झाले. माझे तर आधीच तापले होते.

"मी... अजून तसं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग म्हण. नाहीतर गा."

तो उठला. स्टुलाला धरून उभा राहिला आणि गायला लागला. सूर इतका वर लावला की दुसऱ्याच ओळीत आवाज फाटला. मग खाली आला, तर तळच सापडेना. ताल तेवढा पक्का. शेवटच्या शब्दाआधी तो थांबला. दाराकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला... इतका वेळ, की मला वाटलं, विसरला. मग त्यानं तो शब्द गायला नाही, नुसता सांगितला.

मी उगाच स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

"कितवा नंबर?" त्यानं हळूच विचारलं.

"सगळ्यात शेवटचा. आणि कार्यक्रमात हे गाणं होणार नाही. तिनंही म्हणायचं नाही, तूही नाही."

"इतकं वाईट झालं?"

"वाईट आहेच." मी त्याचा हात धरला. घामानं ओला होता. "पण माझं आहे. बाबा यायच्या आत पुन्हा म्हण."