डावी पकड

सकाळी नऊला फोन वाजला तेव्हा मात्वेई झिर्यानोव चहा करत होता. बायको, झोया, जाऊन सात महिने झाले होते, तरी पाणी तो अजून दोघांचंच ठेवायचा आणि मग अर्धं ओतून द्यायचा.

फोनवर आलेव्तिना उसोल्त्सेवा होती. झोया आणि ती मांसाच्या शीतगृहात बारा वर्षं एकाच पाळीत होत्या, म्हणून तिने ठाण्याऐवजी घरचा नंबर लावला होता.

"मात्वेई लुकीच, ग्लेब काल दुपारपासून घरी नाही. ठाण्यात म्हणतात, स्वतःहून गेलाय, क्लबाकडे त्याचं पत्र आहे. फोटो पाठवलाय मला त्याचा. ते अक्षर ग्लेबचं नाही."

ग्लेब उसोल्त्सेव म्हणजे तिचा नवरा, 'रोसोमाखा' या आइस हॉकी संघाचा कप्तान. वय चौतीस, बचावपटू, याच गावचा. झावोद्स्कमध्ये त्याला न ओळखणारं माणूस शोधून सापडलं नसतं. हॉकी न कळणारा पोलीस मात्र होता, आणि तो झिर्यानोव. सामने झोया बघायची. तो शेजारी बसून पेंगायचा.

तो आलेव्तिनाच्या घरी गेला. तिने कोट काढला नव्हता. रात्रभर तशीच बसली असावी.

तिने सांगितलं ते असं. ग्लेबचा करार संपत होता. नियमाप्रमाणे क्लबाने त्याला नव्या कराराचा लेखी प्रस्ताव दिला होता. उत्तर आज, एकतीस मेला, मॉस्कोच्या घड्याळाने बारापर्यंत लीगकडे पोचायला हवं होतं. म्हणजे इथले दोन. होकार पोचला की क्लब कराराला बांधला गेला. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर दोघं मोकळे. ग्लेबने काल याच टेबलावर होकार लिहिला आणि चार वाजता तो घेऊन क्लबाकडे निघाला. त्यानंतर त्याचा फोन बंद.

"मॉस्कोहून बोलावणं होतं ना त्याला?"

"होतं. नको म्हणाला. शेवटची दोन वर्षं आपल्याच लोकांच्या शिव्या खायच्यात म्हणाला."

"कोणाशी वाकडं?"

तिने प्रशिक्षकाचं नाव घेतलं. एप्रिलमध्ये शेवटचा सामना हरल्यावर प्रशिक्षक बाल्किनने सगळ्यांसमोर ग्लेबला सुनावलं होतं की तुझे पाय गेले, आता घरी बस. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

निघताना झिर्यानोवने दाराजवळचा फोटो पाहिला. पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी, आणि तिच्यापुढे वाकलेला ग्लेब. डाव्या हाताने त्याने तिची टाच धरली होती, उजव्या हाताने प्लास्टरवर सही करत होता. दोघंही हसत होते.

"जिवंत असेल ना तो?" आलेव्तिनाने विचारलं.

झिर्यानोवने टोपी चढवली. खोटा धीर कसा लागतो ते त्याला इस्पितळात कळलं होतं.

क्लबाच्या कचेरीत संचालक अर्काडी वेनियामिनोविच श्वेत्स याने त्याला चहा दिला, वर लिंबाची चकती. नीटनेटका माणूस. चौदा महिन्यांपूर्वी कारखान्याच्या कचेरीतून त्याला या खुर्चीवर आणून बसवलं होतं. भिंतीवर पुढच्या हंगामातल्या बचावपटूंची छापील यादी होती, आठ नावं, खाली चोवीस मे ही तारीख. त्यात ग्लेब नव्हता.

"पत्र कधी मिळालं?"

"आज सकाळी आठला. दाराखालून सरकवलेलं होतं."

"काल ग्लेब इथे आला होता?"

"नाही. मी सातपर्यंत इथेच होतो, एकटा. वाट पाहत होतो त्याची."

"क्लबाच्या दुसऱ्या जागा? तिथे गेला असेल?"

"नदीकाठचा जुना रिंक बंद आहे. वीस एप्रिलला बर्फ वितळवला. त्यानंतर माझंसुद्धा पाऊल पडलेलं नाही तिकडे."

पत्र हातानेच लिहिलेलं होतं. कचेरीत द्यायचा अर्ज हातानेच लिहायचा असतो, त्यात नवल नव्हतं. चार ओळी: प्रस्ताव नाकारतो, गाव सोडतो, शोधू नये. अक्षरं मागे झुकलेली, थरथरती. ओळीओळीवर शाई उजवीकडे फरफटली होती. सही मात्र करारावरच्या सहीसारखी तंतोतंत.

झिर्यानोव म्हणाला की ग्लेबच्या बायकोला हे अक्षर ओळखू येत नाही. श्वेत्सने खांदे उडवले. नवरा सोडून गेला की प्रत्येक बाई हेच म्हणते, असं तो हळूच म्हणाला. मग त्याने कपाटातून खेळाडूचं कार्ड काढून पुढे ठेवलं.

उंची, वजन, जन्मतारीख. त्याखाली, पकड: डावी.

"डावखुरा माणूस लिहिताना हात ओल्या शाईवरूनच पुढे नेतो," श्वेत्स म्हणाला. "फरफट दिसतेय ना? मनःस्थिती ठीक नसेल, म्हणून थरथर. मलाही वाईट वाटतं, मात्वेई लुकीच."

पटण्यासारखं होतं. झिर्यानोवने वही मिटली.

दाराशी खुंटीवरून टोपी काढताना शेजारचा लोकरी मफलर त्याच्या गालाला लागला, आणि तो जागीच थांबला. झोयाचा वास आला. पाळीवरून आली की तिच्या स्वेटरला असाच यायचा, नाकात टोचणारा. धुऊनही दोन-दोन दिवस जायचा नाही. गेल्या सात महिन्यांत तिचा वास त्याला ट्राममध्ये आला होता, औषधांच्या दुकानात आला होता. माणूस गेल्यावर असं होतंच, असं स्वतःला समजावून तो बाहेर पडला.

बाल्किन व्यायामशाळेत एकटाच वजनं जागेवर लावत होता. साठीचा, नाक दोनदा मोडलेलं.

"काल चार ते सात कुठे होता, रोदिओन कार्पोविच?"

"शेतघरावर. बटाटे लावत होतो."

"साक्षीला कोण?"

"सासू. आणि ती माझ्यासाठी खोटं बोलेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही तिला भेटलेला नाहीत."

भांडणाचं विचारल्यावर त्याने हातातलं वजन खाली ठेवलं. पाय गेले असं आपण म्हणालो खरं, म्हणाला, पण त्याच आठवड्यात संचालकाकडे जाऊन या माणसाला सोडू नका असंही सांगितलं. पाय गेलेला ग्लेब पाय असलेल्या तिघांना उभं राहायची जागा शिकवतो. श्वेत्सने तेव्हा मान डोलावली होती.

"आज यादी पाहिलीत त्यांच्या भिंतीवरची?"

"कुठली यादी?" बाल्किनने विचारलं.

तळघरात फादेय काका स्केट्सची पाती घासत बसले होते. चाळीस वर्षं ते हेच करत होते. भिंतीशी स्टिकांचे गठ्ठे उभे होते. झिर्यानोवने पत्राची हकिकत सांगितली. संघात डावखुरे किती, म्हणून विचारलं.

"एक. राखीव गोलरक्षक. तो काट्यानंसुद्धा डाव्या हातानं खातो."

"आणि ग्लेब?"

"ग्लेब कुठला डावखुरा?"

"कार्डावर लिहिलंय. पकड डावी."

काकांनी चाक थांबवलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू झोयाच्या नवऱ्याकडून निदान एवढी तरी अपेक्षा होती. मग एक स्टिक त्याच्या हातात दिली.

"धर. कसाही धर."

झिर्यानोवने धरली. उजवा हात वर दांड्याच्या टोकाशी, डावा खाली.

"ही झाली डावी पकड. खालचा हात डावा, म्हणून डावी. वरचा हात स्टिक फिरवतो, म्हणून शहाणा हात वर. आपल्याकडे उजव्या हाताचं पोर पहिल्यांदा स्टिक धरतं ते असंच. अर्ध्याहून जास्त संघ डाव्या पकडीचा आहे बाबा. लिहितात सगळे उजव्यानंच."

"हे बाल्किनना माहीत असणार."

"बर्फावर एक हिवाळा काढलेल्या कुणालाही विचार."

झिर्यानोवला आलेव्तिनाच्या दारापाशी लावलेला फोटो आठवला. मग मफलरचा वासही आठवला.

"काका, जुना रिंक गार कशानं करायचे?"

"अमोनियानं. नव्यात दुसरा वायू, त्याला वास नाही. जुन्यातल्या पंपातून अजून झिरपतो. डोळ्यांची आग व्हायची, पण बर्फ म्हणजे बर्फ होता."

"किल्ली?"

"एक माझ्याकडे होती. मोजदाद करायची म्हणून महिन्यापूर्वी साहेबांनी घेतली."

शीतगृहातही अमोनियाच होता. झोयाच्या स्वेटरला यायचा तो वास त्याचाच. या खेपेला तो वास मनातून आला नव्हता.

त्याने ठाण्यात फोन केला: जुना रिंक, दार फोडा, रुग्णवाहिका न्या, वायूचे मुखवटे घ्या. मुखवटे दोनच आहेत, पलीकडून सांगितलं गेलं. आणि रिंकखाली तळघरांची रांग आहे, चौदा खोल्या, नळ्यांचं जंगल. एकेक खोली बघायची तर तास-दीड तास लागेल. तेवढा वेळ आत पडलेल्या माणसाकडे आहे की नाही, कोण सांगणार? सांगू शकणारा एकच होता.

साडेबाराला झिर्यानोव पुन्हा संचालकाच्या खोलीत गेला. बाल्किनला त्याने बरोबर घेतलं. आलेव्तिना बाहेर बाकावर येऊन बसली होती, तीही उठून आत आली. त्याने तिला अडवलं नाही.

फोन टेबलावर ठेवून तो बसला.

"अर्काडी वेनियामिनोविच, माझं बोलणं मध्ये तोडून खोलीचं नाव सांगितलंत तरी चालेल. उलट तसंच करा."

"कसली खोली?"

"हे पत्र ग्लेबनं लिहिलेलं नाही. स्वतःचं अक्षर लपवायचं म्हणून कोणीतरी डाव्या हातानं लिहिलं. कार्डावर डावी पकड वाचली आणि त्याला वाटलं, वा, बरंच झालं, माणूस डावखुराच आहे. बर्फावर वाढलेला माणूस ही चूक करणार नाही. प्रशिक्षक करणार नाहीत, फादेय काका करणार नाहीत. ग्लेबला फक्त कागदावर ओळखणाराच ती करेल. मीही केली. पण मला ते कार्ड तुम्ही दाखवलंत."

श्वेत्स म्हणाला की ही शब्दांची कसरत आहे. सही तर खरी आहे.

"सही जुन्या करारावरून खिडकीच्या काचेवर गिरवता येते. म्हणून ती एकटीच थरथरत नाही. आणि ती यादी पाहा. चोवीस तारखेची. ग्लेब जाणार हे तुम्ही आठवडाभर आधीच छापलंत. त्याची जागा कुणाला तरी कबूल केलीत, बरोबर?"

"मला तसं सांगितलं गेलं होतं," श्वेत्स म्हणाला. "वरून. तो मॉस्कोला जाणार, असं सगळेच धरून होते."

"आणि काल तो होकार घेऊन आला."

"आला नव्हता."

"तुमच्या मफलरला अमोनियाचा वास आहे. माझी बायको बारा वर्षं तो वास घेऊन घरी यायची, मला तो शिकवू नका. या इमारतीत अमोनिया नाही. तो फक्त जुन्या रिंकमध्ये आहे, जिथे वीस एप्रिलपासून तुमचं पाऊल पडलेलं नाही. माझी माणसं तिथे आहेत. मुखवटे दोन, खोल्या चौदा. तो काल संध्याकाळपासून तो वायू हुंगतोय. कुठली खोली?"

श्वेत्सने लिंबाची चकती चमच्याने ग्लासाच्या तळाशी दाबली. बाल्किन पुढे सरसावला, झिर्यानोवने हात आडवा घातला.

"आत्ता सांगितलंत तर तुम्ही घाबरलेला माणूस आहात," तो म्हणाला. "तासाभरानं सांगितलंत तर तुम्ही कोण असाल, ते मी बोलत नाही. बायको बसलीय त्याची."

"पंपाची," श्वेत्स म्हणाला. "जिन्याखालची पहिली नाही, तिच्या मागची."

झिर्यानोवने फोन उचलून तेवढे शब्द सांगितले आणि फोन तसाच चालू ठेवला.

मग श्वेत्स आपणहून बोलत राहिला. ग्लेबला त्याने जुन्या रिंकवर नेलं होतं, निवांत बोलू म्हणून. युवा संघाचं काम देतो, तो कागद फाड, असं विनवलं. ग्लेब हसला. जिन्यावर झोंबाझोंबी झाली, ग्लेब खाली कोसळला, डोकं नळीवर आपटलं. हलेना. मेलाच, असं वाटलं. ओढून आत ठेवलं, कडी घातली.

"मेला की नाही ते बघितलंत?"

"नाही."

फोनमधून पावलं ऐकू येत होती, लोखंडावर लोखंड, मग कोणीतरी ओरडून स्ट्रेचर मागितलं. आलेव्तिना फोनकडे बघत होती. श्वास घेतोय, असं पलीकडून सांगितलं गेलं. मनगट मोडलंय, छाती वाजतेय, पण शुद्धीवर येतोय. जाकिटात कागद आहे, तो घट्ट धरून ठेवलाय, सोडत नाही.

"त्याला म्हणावं सोड," बाल्किन म्हणाला. "म्हणावं, बाल्किन स्वतः येतोय न्यायला. दोन वाजायला अजून वेळ आहे."

डॉक्टरने मागाहून आणखी काही सांगितलं ते झिर्यानोवने कानाशी धरून ऐकलं. जगेल. पण अशी छाती पुन्हा साठ मिनिटांचा सामना ओढेल याची हमी कोणी देणार नाही. हे त्याने आत्ता कोणाला सांगितलं नाही. बाल्किनने न विचारता, होकारावर मारायला म्हणून, संचालकाच्या खणातून क्लबाचा शिक्का काढला, खिशात टाकला आणि तो निघाला.

आलेव्तिना उठली. दाराशी जाऊन वळली. ओरडली नाही, रडलीही नाही.

"तो कागद थेट लीगला पाठवणार होता तो," ती श्वेत्सला म्हणाली. "मीच म्हटलं, आधी अर्काडी वेनियामिनोविचना दाखव. त्यांना आनंद होईल म्हटलं."