काय दिसलं पुढे?

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा मेहुणा आहे. शिवाय बसमधल्या नऊ जणांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा निदान थापा मारतोय असं तरी म्हणू नका.

गेल्या वर्षीची सत्तावीस सप्टेंबर. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्काच्या आतला रस्ता, गरम कुंडांपाशी वाळून पांढऱ्या पडलेल्या झाडांचं वळण. पावणेआठ वाजले होते.

सकाळचे. चांगला उजेड होता.

मर्ल हौगन माझ्या बायकोचा भाऊ. वय बासष्ट. पार्कात पर्यटकांची पिवळी बस चालवायचा. मीही तेच करतो. आमच्या गार्डिनर गावातली निम्मी माणसं तेच करतात.

आमच्यात एक रीत आहे. समोरून आपल्यातली बस आली की दोघांनी थांबायचं, काच खाली करायची आणि विचारायचं, "काय दिसलं पुढे?" मग समोरचा सांगतो. पुलापाशी बायसन आहेत, नदीकाठी लांडगे आहेत, अमुक कुंडाचं पाणी उडायच्या बेतात आहे. पकडलेल्या माशाच्या लांबीवरून आम्ही वाट्टेल ते फेकतो. जनावरांबद्दल मात्र कोणी खोटं बोलत नाही. त्यावर सगळ्यांचं पोट आहे.

मर्ल एकदा बोलला.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एल्डन प्रूइट हा मर्लचा तीस वर्षांपासूनचा दोस्त, आमच्यासारखाच ड्रायव्हर, पण तोंडाचा फटकळ. सकाळी कॉफी पिताना सगळ्यांसमोर म्हणाला, "मर्ल्या, तुझ्या गिऱ्हाइकांना आठवडाभरात एखादी खार तरी दिसली का रे? की तुझंच थोबाड बघून परत जातात बिचारे?"

सगळे हसले. मीही हसलो. मर्लच्या ते फार जिव्हारी लागलं.

तासाभराने दोघांची रस्त्यात गाठ पडली. एल्डन रिकामी बस घेऊन गिऱ्हाइकं आणायला चालला होता. त्याने काच खाली करून नेहमीचा प्रश्न विचारला. मर्लने सांगितलं, पांढऱ्या झाडांखाली अस्वलीण आहे, दोन पिल्लं आहेत, रस्त्यावरून दिसत नाहीत, जरा खाली उतरावं लागतं.

तिथे काहीही नव्हतं. एल्डन पाच मिनिटं शोधेल, शिव्या घालेल, संध्याकाळी आपण त्याला चिडवू, एवढंच मर्लच्या मनात होतं.

एल्डन खाली उतरला. तिथली जमीन वरून घट्ट दिसते, पण ती नुसता पापुद्रा आहे. खाली पाणी उकळत असतं. दुपारी लोकांना पाण्यावर त्याची हॅट तरंगताना दिसली. बाकी फारसं काही हाती लागलं नाही.

एल्डनची बायको नोरीन. ती एकेका ड्रायव्हरच्या दारात गेली. रडली नाही, भांडली नाही. एकच विचारायची, "तीस वर्षांत त्याने कधी रस्ता सोडला नाही. मग त्या दिवशी खाली कशाला उतरला?"

मर्ल म्हणाला, "आम्ही नुसते हात केले एकमेकांना."

त्या दिवसापासून मर्लचा दगड झाला. अंत्यविधीला डोळ्यात टिपूस नाही. जेवणाची चव कळेना. एकदा उकळती कॉफी हातावर सांडली, तर हा नुसता हाताकडे बघत बसला. माझी बायको ओरडली, तेव्हा कुठे त्याने हात नळाखाली धरला. काही वाटतच नाही, म्हणाला.

असं एक वर्ष गेलं.

त्या सकाळी मर्लच्या बसमध्ये नऊ जण होते. वाटेत त्यांना एल्क हरणं दिसली, शिंगात शिंगं अडकवून झुंजणारी. मग बायसनचा कळप रस्ता ओलांडत होता, त्यात वीस मिनिटं गेली. लोक खूश होते. मर्ल पाठ केल्यासारखी माहिती सांगत होता.

पांढऱ्या झाडांचं वळण आलं.

थंडी होती, म्हणून कुंडांवरची वाफ रस्त्यावर उतरली होती. मर्लने वेग कमी केला.

तिथे उकळत्या चिखलाचा आवाज बारा महिने येतो. बुडबुड, बुडबुड. काच बंद असली तरी ऐकू येतो.

त्या दिवशी... येत नव्हता.



मग वाफेत समोरून दोन दिवे दिसले. एक पांढरा. आणि एक... मिणमिणता, पिवळट.

एल्डनच्या बसचा डावा दिवा तसा होता. बदल, बदल म्हणून आम्ही त्याच्या मागे लागायचो.

पिवळी बस शेजारी येऊन उभी राहिली. इंजिनाचा आवाज नाही. चाकाखाली खडी वाजली नाही.

समोरची काच खाली गेली.

आणि मर्लने स्वतःची काच खाली केली. मुद्दाम नाही हो. तीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला.

बाहेर कडाक्याची थंडी, पण त्या खिडकीतून आली ती... गरम हवा. गंधकाचा वास घेऊन.

चेहरा दिसत नव्हता. हॅट दिसत होती. तिच्या कडेवरून पाणी गळत होतं.

"मर्ल्या, काय दिसलं पुढे?"

आवाज नेहमीचाच. थट्टेखोर.

मर्ल नंतर मला म्हणाला, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. फक्त एवढं कळलं, की आता खोटं बोलता येणार नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "तिथे काही नाहीये, एल्डन. तेव्हाही नव्हतं."

पाणी टपटप रस्त्यावर पडत राहिलं.

मग आतून आवाज आला... हळू.

"मग मी कशाला उतरलो?"

काच वर गेली. बस मागे वाफेत निघून गेली. चिखलाची बुडबुड पुन्हा सुरू झाली.

पुढच्या सीटवर एक म्हातारी शिक्षिका बसली होती. तिने विचारलं, "अहो, तो ड्रायव्हर इतका भिजला कसा?"

पाऊस नव्हता. मर्लने बस पुढे काढली.

दोन मैलांवर वनरक्षकाने गाडी अडवली. म्हणाला, पुढे पुलावर कळप ठाण मांडून बसलाय, सहापासून रस्ता बंद आहे. मर्लने विचारलं, मग आत्ता पिवळी बस कशी सोडलीस? तो म्हणाला, "कुठली बस? सकाळपासून इकडून चिटपाखरू सोडलेलं नाही मी."

दुपारी मर्ल थेट नोरीनकडे गेला.

एल्डनची हॅट पार्कवाल्यांनी तिला परत दिली होती. वर्षभर ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली. कोरडी, कडक झालेली.

त्या दिवशी हॅटखाली बादली होती.

"सकाळी पावणेआठपासून गळतेय," नोरीन म्हणाली. जसं काही नळच गळत होता.

मर्लने हात पुढे केला. तळहातावर एक थेंब पडला आणि चटका बसला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी लागलं. तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडत रडत सगळं सांगितलं. अस्वलीण, पिल्लं, कॉफीच्या वेळचा टोमणा, सगळं.

नोरीनने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "एवढंच तर विचारत होते मी." आणि दार उघडून उभी राहिली, त्याने जावं म्हणून.

मर्लने बस सोडली. आता त्याला चव कळते, झोप लागते. माझी बायको म्हणते, सुटला एकदाचा.

पण हॅट गळायची थांबलेली नाही. नोरीन रोज बादली ओतते. परवा दुकानात भेटली. म्हणाली, मर्लने सगळं सांगितलं ना, मग आता हे कशासाठी? आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, मला काय ठाऊक.

एल्डन गेला त्या दिवशी मर्लच्या मागून अर्ध्या तासाने मीही त्या वळणावरून गेलो होतो. एल्डनची बस कडेला उभी होती. दार उघडं होतं. खालून कोणीतरी हाक मारली. माझ्या बसमध्ये गिऱ्हाइकं होती, उशीर झाला होता. वाटलं, मारत असेल नेहमीसारखी थट्टा.

मी थांबलो नाही. नोरीन माझ्याही दारात आली होती. मी सांगितलं, त्या रस्त्याला मी गेलोच नव्हतो.

सप्टेंबर पुन्हा आलाय. सकाळी वाफ रस्त्यावर उतरते. हल्ली मी काच खाली करत नाही.

काल वळणावर चिखलाचा आवाज आला नाही.